किंगस्नेक: रानात आणि घरात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किंगस्नेकबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे कॅलिफोर्निया किंगस्नेकची एक मादी अकरा वर्षांपासून आहे, त्यामुळे पाळण्याविषयीची बरीचशी उत्तरं तिनेच शिकवलेली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. मात्र साप घरी आणायचा विचार पक्का होत आला असेल, तर प्रश्न ८, ९ आणि १८ आधी वाचा.

१. किंगस्नेक म्हणजे किंग कोब्राच ना?

नाही, आणि हा गोंधळ दूर करणं सगळ्यात महत्त्वाचं. किंग कोब्रा म्हणजे नागराज. तो आशियातला, अत्यंत विषारी आणि फणा काढणारा साप. किंगस्नेक अमेरिका खंडांतला, बिनविषारी आणि भक्ष्याला विळखा घालून मारणारा. दोघांच्या नावात ‘किंग’ आहे, कारण दोघेही इतर सापांना खातात. याखेरीज त्यांच्यात जवळचं नातं नाही.

किंगस्नेकच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘चकाकणारी ढाल’ असा होतो. नुकतीच कात टाकलेला किंगस्नेक उन्हात पाहिला, की हे नाव का पडलं ते लगेच कळतं. कॅनडाच्या दक्षिण भागापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत या प्रजातीचे साप आढळतात. मिल्कस्नेकही याच प्रजातीतले. ते गोठ्यात शिरून गाईचं दूध पितात असा अमेरिकी शेतकऱ्यांचा समज होता, म्हणून ते नाव. खरं तर ते गोठ्यात जातात उंदरांसाठी. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्याजोगी नसतेच.

२. एका पुस्तकात ‘गेट्युला’ लिहिलंय, दुसऱ्यात ‘कॅलिफोर्निए’. बरोबर कुठलं?

दोन्ही पुस्तकं आपापल्या काळात बरोबर आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचे ‘कॉमन किंगस्नेक’ पूर्वी एकच जाती मानले जात आणि तिच्या अनेक उपजाती धरल्या जात. २००९ मध्ये जनुकीय अभ्यासावरून तिच्या पाच स्वतंत्र जाती केल्या गेल्या: गेट्युला, नायग्रा, होलब्रूकाय, स्प्लेंडिडा आणि कॅलिफोर्निए. घरात पाळले जाणारे बहुतेक किंगस्नेक यातले शेवटचे, म्हणजे कॅलिफोर्निया किंगस्नेक असतात.

रंगावरून जात ठरवायला जाऊ नका. कॅलिफोर्निया किंगस्नेकमध्ये काहींच्या अंगावर आडवे पट्टे असतात, तर काहींच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. बराच काळ या दोन वेगळ्या जाती समजल्या जात. लॉरेन्स क्लाउबर या सर्पतज्ज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं, की एकाच मादीच्या एकाच खेपेच्या अंड्यांतून दोन्ही नमुन्यांची पिल्लं निघतात.

३. तो किती मोठा होतो आणि किती जगतो?

कॅलिफोर्निया किंगस्नेक साधारण ९० ते १२० सेंटिमीटर वाढतो. पूर्वेकडचा ईस्टर्न किंगस्नेक सहसा तेवढाच असतो, पण त्याची नोंदलेली कमाल लांबी २०८ सेंटिमीटर आहे. नीट सांभाळलेला किंगस्नेक वीस वर्षं सहज काढतो. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला साप त्याची नोकरी लागली, लग्न झालं तरी घरात असेल, हे धरून चाला.

४. रानात त्याचा दिवस कसा जातो?

बहुतेक वेळ तो दिसतच नाही. उंदराचं जुनं बीळ, पडलेलं खोड, दगडाची कपार, पालापाचोळा हे त्याचं घर. वसंतात आणि शरदात तो दिवसा फिरतो. उन्हाळ्यात जमीन तापली की पहाटे, संध्याकाळी किंवा रात्री बाहेर पडतो. हिवाळ्यात जमिनीखाली शीतनिद्रेत जातो.

दबा धरून तासन्‌तास बसणं हा त्याचा स्वभाव नव्हे. तो हिंडून शोधतो. जीभ लपलप बाहेर काढत, प्रत्येक भोकात डोकं घालून पाहत पुढे सरकतो. उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी, बेडूक, साप, जे मिळेल ते त्याला चालतं. ईस्टर्न किंगस्नेक तर कासवाने मातीत पुरलेली अंडी वासावरून हुडकून काढतो. त्याची ही शोधाशोध डोक्यात ठेवा. घरातल्या पेटीतही तो रात्रभर हेच करणार आहे, आणि काचेच्या झाकणाची फट त्याच्या लेखी आणखी एक बीळच असते.

५. रॅटलस्नेकसारखा विषारी साप चावला तर त्याला विष चढत नाही का?

उत्तर अमेरिकेतल्या रॅटलस्नेक, कॉपरहेड, कॉटनमाउथ या पिट व्हायपर गटातल्या सापांच्या विषाला किंगस्नेकचं शरीर मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. त्याच्या रक्तातले काही घटक हे विष निष्प्रभ करतात. किंगस्नेकच्या रक्तद्रवामुळे उंदरांना या विषापासून संरक्षण मिळतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

मात्र हे सरसकट कवच नाही. ही ताकद त्याच्या मुलखातल्या पिट व्हायपरांपुरती तयार झालेली आहे. नागकुळातल्या सापांचं विष वेगळ्या तऱ्हेने काम करतं, तिथे ती तितकी चालत नाही. म्हणून ‘किंगस्नेकला कुठल्याच सापाचं विष बाधत नाही’ हे वाक्य चुकीचं आहे. शिवाय विष पचवलं तरी दातांची जखम होतेच.

६. स्वतःएवढा लांब साप त्याच्या पोटात मावतो कसा?

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता प्रश्न हा. आधी मारणं, मग मावणं, असं दोन भागांत पाहू.

किंगस्नेकचा विळखा त्याच्या आकाराच्या मानाने विलक्षण घट्ट असतो. डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून यांनी २०१७ मध्ये किंगस्नेक आणि रॅट स्नेक यांची तुलना प्रसिद्ध केली. रॅट स्नेक अनेकदा किंगस्नेकपेक्षा मोठे असतात, तरी त्याचं भक्ष्य होतात. तपासात दिसलं, की किंगस्नेकचे स्नायू काही जास्त जाड नाहीत. पण त्याचा दाब रॅट स्नेकपेक्षा बराच जास्त भरला. फरक होता विळख्याच्या घडणीत. किंगस्नेक स्प्रिंगसारखी एकापुढे एक नेटकी वेटोळी घालतो, रॅट स्नेकचा विळखा वेडावाकडा पडतो.

आता मावणं. उंदीर गोळ्यासारखा असतो, साप म्हणजे दोरी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया किंगस्नेकना त्यांच्या लांबीएवढे किंवा त्याहून लांब कॉर्न स्नेक खायला दिले आणि क्ष-किरणांनी आत काय होतं ते पाहिलं. गिळलेल्या सापाचा कणा पोटात नागमोडी दुमडला जात होता. लांब नाडा पिशवीत ढकलला की तो जसा लाटा घेत बसतो, अगदी तसाच. गिळणाऱ्याचं धडही ताणलं जातं, आणि मग लांबीने मोठा साप छोट्या जागेत बसतो.

७. रॅटलस्नेक त्याला चावून पळवून का लावत नाही?

कारण चावून उपयोग नाही, आणि हे रॅटलस्नेकच्या वागण्यातूनच दिसतं. माणूस किंवा कुत्रा आला तर तो वेटोळं करून डोकं उचलतो, शेपटी वाजवतो. किंगस्नेकचा वास आला की मात्र तो डोकं जमिनीलगत ठेवतो, मागे सरकतो आणि धडाचा मधला भाग कमानीसारखा उंच उचलून त्यानेच किंगस्नेकला ढकलतो, फटके मारतो. डोकं पकडू द्यायचं नाही, एवढाच हेतू. एकच साप दोन शत्रूंसमोर इतका वेगळा वागतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

८. जोडी आणली तर? एकट्याला कंटाळा येईल ना?

कंटाळा येणार नाही. दोघांतला एक कदाचित संपेल.

किंगस्नेक स्वजातीयांनाही खातो. ‘लहानपणापासून एकत्र वाढलेत’, ‘दोघं सारख्याच आकाराचे आहेत’, ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ ही तिन्ही कारणं मला दर महिन्याला ऐकायला मिळतात आणि तिन्ही निकामी आहेत. सारख्या आकाराचा सापही गिळता येतो, हे प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. एका पेटीत एकच किंगस्नेक ठेवायचा. त्याला सोबतीची गरज नसते.

अपवाद प्रजननाचा. तेव्हाही दोघांना आधी पोटभर खाऊ घालून, समोर बसून, ठरावीक वेळच एकत्र ठेवतात आणि मीलन झालं की लगेच वेगळं करतात. अंड्यांतून निघालेली पिल्लंही सुटी ठेवावी लागतात.

९. तो चावतो का? माझा तर हात सोडतच नव्हता.

चावतो. पण बहुतेक वेळा रागाने नव्हे, भुकेने. या दोन्हींतला फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते.

घाबरलेला किंगस्नेक झटकन चावून सोडतो. भुकेला किंगस्नेक पकडतो, चावत राहतो आणि विळखा घालतो. माझ्या बाबतीत हे एकदा झालं. गोठवलेला उंदीर गरम पाण्यात वितळवायला ठेवला होता, हात फक्त फडक्याला पुसले आणि पाण्याचं भांडं काढायला पेटीत हात घातला. तिने अंगठ्याचा गुबगुबीत भाग पकडला. डोळ्यांत राग नव्हता, फुसकारा नव्हता. जबडा डावी बाजू, उजवी बाजू असा आळीपाळीने पुढे सरकत होता आणि मनगटावर तीन वेटोळी पडली होती, इतकी घट्ट की बोटांची टोकं लाल होऊन गेली. ती माझ्यावर चिडली नव्हती. तिच्या दृष्टीने हाताला उंदराचा वास होता म्हणजे तो उंदीरच होता, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

अशा वेळी ओढू नका. दात मागे वळलेले असतात. ओढलं तर तुमची कातडी फाटते आणि सापाचे दात तुटतात. हात थंड पाण्याच्या धारेखाली धरा. तरीही सोडला नाही, तर त्याच्या ओठांच्या कडेला अल्कोहोल असलेल्या हँड सॅनिटायझरचा थेंब लावा. मग शेपटीकडून वेटोळी उलगडा. जखम साबणाने धुवा. विष नसतं, पण धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

पुढे हे टाळायला: हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीत घालायचा नाही, आणि उचलण्याआधी सापाला हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने हलकंसं शिवायचं. ‘आता जेवण नाही’ ही खूण तो काही आठवड्यांत शिकतो.

१०. शेपूट थरथरवतो आणि अंगावर घाण सोडतो. माझ्यावर रागावलाय का?

घाबरलाय. वाळक्या पानांत शेपूट थरथरवली की रॅटलस्नेकसारखा आवाज येतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून तो उग्र वासाचा द्रव सोडतो, काही जण अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवतात. पिल्लांमध्ये हे जास्त दिसतं, कारण रानात त्यांना सगळेच खातात. नवीन पिल्लाला आठवडाभर हात न लावता राहू द्या. मग रोज पाच मिनिटं, शांतपणे, खालून आधार देऊन उचला.

११. पेटी केवढी आणि आत काय काय?

प्रौढ सापासाठी साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. एक बाजू उबदार, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. दुसरी गार, २२ ते २४ अंश. उष्णता देणारं कुठलंही उपकरण थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय) लावायचं नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या हीट मॅटने पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत, आणि ते व्रण आयुष्यभर राहतात. दोन्ही बाजूंना अंग चिकटेल इतकी घट्ट लपण्याची जागा हवी. पाण्याचं जड भांडं ठेवा. खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा जाड थरात पसरा, म्हणजे त्याला बिळं करता येतात. सीडारचा भुसा मात्र नको, त्यातलं तेल सापांना अपायकारक असतं.

झाकणाला कुलूप हवंच. प्रश्न ४ चा शेवट पुन्हा वाचा.

१२. किती आणि किती दिवसांनी खायला घालायचं?

पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी उंदराचं गुलाबी पिल्लू, प्रौढाला १० ते १४ दिवसांनी एक मोठा उंदीर. भक्ष्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. किंगस्नेक जवळजवळ नेहमीच भुकेला असल्यासारखा वागतो. त्याच्या वागण्यावर भरवसा ठेवून खाऊ घातलं तर लठ्ठ होतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलू नका, नाहीतर ओकेल.

१३. जिवंत उंदीर दिला तर नैसर्गिक नाही का?

रानात साप पळून जाऊ शकतो, पेटीत नाही. भूक नसलेल्या सापाला कोपऱ्यात गाठून उंदीर कुरतडतो, डोळेही फोडतो. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने द्या. किंगस्नेक तो घ्यायला सहसा अजिबात आढेवेढे घेत नाही.

१४. महिनाभर खाल्लं नाही. मरेल का?

निरोगी प्रौढ साप महिनाभर सहज राहतो. आधी कारण पाहा: कात टाकायला आलाय का, पेटी गार पडलीये का, घर नवं आहे का, हिवाळा आहे का? नर वसंतात माद्यांच्या शोधात असतो, तेव्हा खाण्याकडे त्याचं लक्षच नसतं. वजन टिकून असेल तर थांबा.

वजन उतरत असेल, तोंडातून बुडबुडे येत असतील, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, किंवा खाल्लेलं वारंवार ओकत असेल, तर थांबायचं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. पिल्लाच्या बाबतीत तर दोन-तीन जेवणं चुकली तरी विचारा.

१५. डोळे निळसर-दुधाळ झालेत. आंधळा झालाय?

कात टाकण्याची तयारी आहे. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर लवकरच कात निघते. या काळात त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडखोर होतो. उचलू नका. ओलसर शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवा. निघालेली कात तपासून डोळ्यांवरचे गोल पापुद्रे सुटले आहेत ना ते पाहा. अडकलेला पापुद्रा नखाने सोलू नका.

१६. स्वतःचीच शेपटी गिळतोय! काय करू?

लगेच हालचाल करा. किंगस्नेकमध्ये हे खरोखर होतं: पेटी फार तापलेली असते, साप तणावात असतो, किंवा शेपटीला भक्ष्याचा वास लागलेला असतो. उष्णता बंद करा, त्याला गार जागी घ्या, तोंडावर गार पाणी शिंपडा, गरज पडल्यास प्रश्न ९ मधला सॅनिटायझरचा उपाय करा. शेपूट ओढून काढू नका. सुटल्यावर जखम पशुवैद्याला दाखवा आणि पेटीचं तापमान दोन्ही टोकांना मोजा.

१७. तो मला ओळखतो का?

तुमच्या वासाची, हाताळण्याच्या पद्धतीची त्याला सवय होते, आणि सवय झाली की भीती जाते. अनोळखी माणसाच्या हातात माझी मादी आजही ताठ होते, माझ्या हातात सैल पडते. याला माया म्हणावं का? मी म्हणत नाही. पण रानातल्या एवढ्या सावध जिवाने भीती सोडून हातावर पसरावं, हे माझ्यासाठी पुरेसं आहे.

लहान मुलांबाबत एक पथ्य: सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका, आणि इतरांनी हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

१८. आता सांभाळणं जमत नाही. बिनविषारीच आहे, रानात सोडला तर काय बिघडलं?

काय बिघडतं ते स्पेनच्या कनेरी बेटांपैकी ग्रॅन कनेरिया बेटावर दिसलं आहे. कनेरी बेटांवर मूळचा एकही साप नव्हता. १९९८ मध्ये तिथे पहिल्यांदा कॅलिफोर्निया किंगस्नेक दिसला. पाळलेल्या सापांतले काही सुटले किंवा सोडले गेले, आणि त्यांची वस्ती वाढत गेली. रानात पकडलेल्यांत पांढरट अल्बिनोही असतात, म्हणजे मूळ पाळलेल्या सापांचंच, हे उघड आहे. तिथल्या सरड्यांनी साप कधी पाहिलेलाच नव्हता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साप पसरलेल्या भागांत त्या बेटावरच्या मोठ्या सरड्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, तिथल्या सापसुरळीची ८० टक्क्यांहून अधिक, आणि पालीची ५० टक्क्यांहून अधिक. यातला सरडा आणि सापसुरळी मूळचे फक्त त्याच बेटावरचे.

तेव्हा सोडायचा नाही. कधीच नाही. प्राणी-निवारा, सर्प-अभ्यासकांची संस्था किंवा अनुभवी पाळणारा शोधा. वेळ लागला तरी चालेल, साप काही आठवडे उपाशी राहू शकतो.

१९. ‘लाल-पिवळा शेजारी तर मारी, लाल-काळा शेजारी तर यारी’ हे खरं आहे का?

हे इंग्रजीतल्या एका जुन्या यमकाचं मराठी रूप. स्कार्लेट किंगस्नेकचे लाल, काळे, पिवळे पट्टे विषारी कोरल स्नेकसारखे दिसतात आणि शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत. अमेरिकेच्या आग्नेय भागात बहुतेक वेळा हे यमक लागू पडतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत कोरल स्नेकचे पट्टे कितीतरी प्रकारचे असतात, तिथे ते जीवघेणं ठरू शकतं. शिवाय आग्नेय अमेरिकेतही पट्ट्यांचा क्रम बिघडलेले कोरल स्नेक जन्माला येतात. यमक म्हणत हात पुढे करू नका.

या नकलेची एक वेधक गोष्ट आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या सँडहिल्स भागातून कोरल स्नेक १९६० च्या सुमारास नाहीसा झाला. मूळच गेलं तर नक्कल सैल पडेल असं वाटतं ना? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: नंतरच्या दशकांत तिथले स्कार्लेट किंगस्नेक कोरल स्नेकसारखे आणखी हुबेहूब दिसू लागले होते.

२०. अमेरिकेत राहतो. अंगणात किंगस्नेक निघाला, पकडून पाळू का?

पकडू नका. काही राज्यांत ते बेकायदाही आहे. उदाहरणार्थ, जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत. रानातल्या सापाच्या अंगात परजीवी असतात, पेटीत तो अनेकदा खात नाही. पाळायचाच असेल तर बंदिस्त जागेत जन्मलेलं पिल्लू घ्या.

आणखी एक कारण आहे. आग्नेय अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, किंगस्नेक बऱ्याच ठिकाणी कमी झाले आहेत, आणि जिथे ते कमी झाले तिथे कॉपरहेड जास्त दिसू लागल्याचं २०१४ च्या एका अभ्यासात नोंदलं गेलं आहे. कॉपरहेड विषारी आहे, आणि त्याला खाणारा तुमच्या अंगणात आयता आला आहे. मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, दार लावा. थोड्या वेळात तो आपला आपण निघून जाईल.